ओठाच्या कोपऱ्यातली जागा

काकांच्या उजव्या गालावर जांभळ्या शाईचे एकोणीस ठिपके होते. सहा डोळ्याखालच्या हाडाला धरून, पाच कानाच्या पाळीपासून जबड्याच्या कोनापर्यंत उतरत गेलेले, आणि आठ मधल्या मांसल भागावर दोन ओळींत, एकमेकांपासून बोटभर अंतर राखून. शेजारच्या ट्रेमध्ये अंगठ्याएवढी एक काचेची बाटली होती, मिठाच्या पाण्याची एक कुपी, दोन सिरिंज, बारीक सुया सहा आणि कापसाचे बोळे अकरा. काकूंनी सगळं दोनदा मोजलं. धुलाईच्या दुकानात लोकांचे कपडे मोजून घेण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. समोर काही मांडलेलं दिसलं की ओठ आपोआप हलायला लागत.

ठिपके तिसऱ्यांदा मोजताना त्या थांबल्या. ओठाच्या उजव्या कोपऱ्याजवळ एकही ठिपका नव्हता.

आणि तिथं दाढीही नव्हती.

चार वर्षांत त्या जागेला पातं लागलेलं काकूंनी पाहिलं नव्हतं. शर्टाच्या बटणाएवढी जागा. बाकीचा गाल काका कसाबसा खरवडून घेत, पण तेवढ्या जागेवरचे केस तसेच राहत, आणि फारच वाढले की काकू श्वास रोखून कात्रीच्या टोकानं ते कापून देत. सगळं दुखणं तिथून सुरू व्हायचं. पंख्याचा वारा, चमच्याची कड, उशीचा अभ्रा, काहीही पुरे. आज सकाळी मात्र काका न्हाणीघराचं दार आतून लावून, नळ पूर्ण सोडून बराच वेळ आत होते. काकूंना वाटलं, पोट बिघडलं असेल. आता दिव्याच्या पांढऱ्या उजेडात तो गुळगुळीत गाल आणि ओठाच्या कोपऱ्याशी पडलेली केसाएवढी लाल रेघ दिसली. ज्या जागेला वारा सहन होत नव्हता, तिच्यावरून नवऱ्यानं पातं फिरवलं होतं. कशासाठी, तर ती जागा कोणाच्या नजरेत भरू नये म्हणून.

“काका, मघाशी सांगितलं तसंच,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाई तरुण होत्या, बोलणं मऊ होतं. “मी उगाच हात लावणार नाही. तुम्ही दाखवलंत त्याप्रमाणे ठिपके काढलेत. एकदा शेवटचं सांगा, कळ इथूनच उठते ना?”

काकांनी बोट वर केलं आणि गालाला न टेकवता हवेतच, कानापुढच्या भागावर फिरवलं. “इथून.”

“ओठाकडे, हनुवटीकडे?”

“नाही.”

काका कमी बोलत, कारण बोललं की ठिणगी पडे. ठिणगी हा त्यांचाच शब्द. त्यामुळे त्यांच्या एकशब्दी उत्तराचं डॉक्टरीणबाईंना नवल वाटलं नाही.

“मग नशीब चांगलं म्हणायचं. हे विषच आहे, खोटं कशाला सांगू? नासलेल्या डबाबंद अन्नात वाढणाऱ्या जंतूचं. पण आपण घेतोय ते अगदी नखाच्या टोकावर मावेल इतकं थोडं. कातडीत सोडलं की नसेच्या टोकाकडून वेदनेचा निरोप पुढे जायचा तो अडतो. सगळ्यांना लागू पडतंच असं नाही. पडलं तर पंधरा दिवसांत कळतं आणि तीनेक महिने टिकतं.”

“आणि अपाय?” काकूंनी विचारलं.

“आजूबाजूचे स्नायू ढिले पडतात. ओठाशी द्यावं लागलं असतं तर ओठ एका बाजूला घसरला असता, चूळ भरताना पाणी सांडलं असतं. यांचं दुखणं मागच्या भागात आहे, त्यामुळे फारसं कळणारही नाही.”

काकूंनी तोंड उघडलं. तेवढ्यात काकांचा हात त्यांच्या मनगटावर पडला आणि घट्ट आवळला गेला. तो हात त्यांना चांगला ठाऊक होता. चटक्यांनी टणक झालेला, बोटांची टोकं काचेसारखी गुळगुळीत. काकूंनी तोंड मिटलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, त्यांच्या मनात आलं. आणि मार तर दोघांनाही बसत होता.

सुई एकोणीस वेळा टोचली. काका हलले नाहीत.

जिना उतरताना पहिल्याच वळणावर काकूंनी त्यांना गाठलं.

“दाढी केलीत.”

काका पायऱ्या बघत उतरत राहिले.

“मी काय आंधळी आहे? चार वर्षं कात्री कोण चालवतंय? त्या पोरीला खुशाल खोटं सांगितलंत, आणि ती बिचारी ठिपके काढत बसली जत्रेतल्या पाळण्यासारखे गोल गोल!”

काकांनी थांबून तोंडाच्या डाव्या बाजूनं, ओठ न हलवता, एक शब्द काढला.

“नळी.”

आणि काकूंना सगळं कळलं.

विज्ञानसंस्थेच्या तळघरात काका काच फुंकत. प्रयोगशाळेला लागणारी जी भांडी बाजारात तयार मिळत नाहीत ती त्यांच्या लेथवर होत: एकात एक तीन नळ्या असलेले, वाफ थंड करणारे शीतक, वळणावळणाचे सापळे, वेड्यावाकड्या तोटीचे चंबू. पोरंसोरं त्यांना काचकाका म्हणायची, म्हणून काचेला कधी हातही न लावलेली त्यांची बायको आपोआप काचकाकू झाली. लेथवर काच फिरत असते, खालून ज्योत लागलेली असते, आणि काचेच्या टोकाला जोडलेली लांब रबरी नळी काचकाकांच्या तोंडात असते. उजव्या कोपऱ्यात. नेहमी उजव्याच. हात दोन्ही गुंतलेले, डोळे ज्योतीत, आणि काच मधासारखी पातळ झाली की नेमका तेवढाच श्वास सोडायचा. श्वास उशिरा आला तर काच लोंबते, जास्त आला तर पापुद्रा होऊन फुटते. इतक्या वर्षांत त्या कोपऱ्याला नळीच्या मापाची एक खाच पडली होती. काकूंना लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून ती खाच माहीत होती. तेव्हा त्यांना ती आवडायची.

“नळी गेली चुलीत,” काकू म्हणाल्या. पण आवाज चढला नाही.

घरी आल्यावर दोघांनी कुस्करलेला बटाटा खाल्ला. काकांचं जेवण म्हणजे तेच. डाव्या बाजूला इवलासा घास ठेवायचा, जिभेनं दाबायचा आणि डोळे मिटून गिळायचा. या दुखण्यानं सुरुवातीला दाताचं सोंग घेतलं होतं; दोन धडधाकट दाढा त्यात फुकट गेल्या. मग नसेच्या गोळ्या आल्या. त्यांनी दुखणं दबलं, पण काका चालताना भिंती धरायला लागले, शब्द विसरायला लागले, आणि एकदा रक्तातलं मीठ इतकं उतरलं की तीन दिवस दवाखान्यात काढावे लागले. डोक्याचं ऑपरेशन करून नस मोकळी करता येते म्हणे. पण काकांच्या हृदयाची झडप त्याला तयार नव्हती. म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात, आणि फुफाट्यातून पुन्हा आगीत. गेल्या हिवाळ्यात एकदा खिडकी बंद करता करता काका अगदी साध्या सुरात म्हणाले होते, “असंच राहणार असेल तर मला नको हे.” काकूंनी ऐकलं नाही असं दाखवलं. पण त्या दिवसापासून दुकानातून घरी यायला त्यांनी कधी उशीर केला नाही.

दहाव्या दिवसापासून फरक दिसायला लागला. काकांनी पंखा लावू दिला. कान, गालाचं हाड, जबडा, हा सगळा मुलूख शांत झाला. एका सकाळी ते उजव्या कुशीवर झोपलेले दिसले तेव्हा काकू दारातच उभ्या राहिल्या आणि दुकानात जायला उशीर झाला. पण ओठाचा कोपरा होता तसाच होता. तिथली ठिणगी पूर्वी सगळ्या गालभर पसरायची. आता तेवढ्याच जागेत, खिळा ठोकावा तशी बसायची. कमी वेळा, पण जास्त खोल.

“सांगू या का बाईंना?” काकू विचारत.

काका मान हलवत. नाही.

“अहो, पण का?”

“फुगे,” काका म्हणत.

ते फुगे काकूंना आता पाठ झाले होते. संस्थेच्या विभागप्रमुखांना दोन लिटरचे चार गोल काचेचे फुगे हवे होते. आतली सगळी हवा काढून घेतल्यावरही टिकणारे. काकांनी मागं एकदा कागदावर गोल काढून काकूंना समजावलं होतं: हवा काढली की बाहेरची हवा चहूबाजूंनी दाबते, आणि काच एके ठिकाणी जरी पातळ असली तरी फुगा आतल्या आत फुटतो. मग तुकडे कुठे जातील याचा नेम नाही. म्हणून भिंत कुठंही दीड मिलिमीटरच्या खाली नको. नवं सत्र सुरू होण्याआधी फुगे झाले तर तळघर राहणार. नाहीतर काचकाम बाहेरून मागवायचं आणि तळघरात जुन्या खुर्च्या ठेवायच्या असं ठरलं होतं. प्रमुखांनी ते अगदी सभ्यपणे सांगितलं होतं.

“त्या खुर्च्यांना म्हणावं, उभ्या राहा थोडा वेळ,” काकू म्हणाल्या होत्या. काकांना हसू आलं, आणि हसण्यानं ठिणगी पडली. हात हवेत, डोळे मिटलेले, सगळा माणूस पुतळ्यासारखा. काकू मनातल्या मनात आकडे मोजत उभ्या राहिल्या. विनोद करण्याचीही चोरी झाली होती त्या घरात.

सोळाव्या दिवशी दुपारी घासू काकांना घेऊन घरी आला. घासू म्हणजे तळघरातला दुसरा माणूस. काचेच्या तोंडांना बुचं घट्ट बसावीत म्हणून ती दळलेल्या दगडाच्या भुकटीवर घासायची, हे त्याचं काम. अभ्यासात मात्र त्यानं आयुष्यात कधी घासलं नव्हतं, असं तो स्वतःच सांगे. काकांच्या मनगटाला पांढरी पट्टी होती आणि भुवईचे अर्धे केस जळाले होते.

“घाबरू नका वहिनी, तुमचा माणूस शाबूत आणलाय,” घासू म्हणाला आणि खोकला. त्याची छाती त्या भुकटीनं केव्हाच धरली होती. “बाकी फुग्याचे तुकडे मात्र मोजायला तुम्हालाच बोलवावं लागेल.”

“झालं काय?”

“फुगा अर्ध्यावर आला होता. सुरेख, चंद्रासारखा. यांच्या तोंडात नळी. आणि मधेच हे थिजले. मी आपला पाठमोरा. वळून बघतो तर काच खाली लोंबलेली, आणि यांचा हात ज्योतीत. ज्योतीत, वहिनी! आणि हात काढत नाहीत. मी गॅस बंद केला, ओढलं यांना. मी म्हटलं, अहो, भाजतंय, हात काढायचा! तर म्हणतात…”

“काय म्हणाले?”

घासूनं काकांकडे बघितलं. काका भिंतीकडे बघत होते.

“म्हणाले, कळलंच नाही. तिकडे इतकं दुखत होतं की हात भाजलेला कळला नाही.”

काकूंनी घासूला पाणी दिलं. तो पाणी पिऊन निघाला, आणि दारात वळून हळूच म्हणाला, “वहिनी, मी माझं तोंड लावलं असतं नळीला. पण माझा श्वास म्हणजे फाटका भाता. तुम्ही बघा काय ते.”

दुसऱ्या दिवशी तपासणीची पाळी होतीच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सोसवणार नाही. आधी तुम्ही नऊ सांगितलं होतं. आता किती?”

“तीन,” काका म्हणाले.

“अरे वा!”

“खोटं,” काकू म्हणाल्या.

काकांचा हात पुन्हा मनगटाकडे आला. काकूंनी या वेळी मनगट मागं घेतलं. आपल्याला त्या जागेला हात लावता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी आपलंच तोंड पुढं केलं, आपल्याच ओठाच्या उजव्या कोपऱ्याशी, अर्ध्या बोटाच्या अंतरावर तर्जनी टेकवली आणि एक छोटा गोल काढला.

“बाई, इथून सुरू होतं. पहिल्या दिवसापासून इथूनच. त्या दिवशी ह्यांनी तुमच्याकडे यायच्या आधी ती जागा तासली, तुम्हाला संशय येऊ नये म्हणून. काल काम करता करता ह्यांचा हात भाजला, आणि ह्यांना कळलं नाही.”

“ही नस माझी की हिची?” काका म्हणाले. इतकं लांब वाक्य त्यांनी कित्येक महिन्यांत उच्चारलं नव्हतं. ते संपायच्या आत ठिणगी पडली. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच ती समोर बघितली, आणि काकांचा दुसरा हात आपोआप कुठं जातो आणि कुठं जाऊन हवेतच थांबतो, तेही बघितलं.

ठिणगी ओसरल्यावर त्या म्हणाल्या, “काका, मला का नाही सांगितलंत?”

काकांनी खिशातून रबरी नळीचा वीतभर तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला. बाकीचं काकूंनी सांगितलं.

बाई नळीकडे बघत राहिल्या. “ओठाभोवती चार ठिकाणी द्यावं लागेल. आज देता येईल, पहिल्या वेळी मी हात राखूनच दिलं होतं. पण ओठ ढिला पडणार. थोडा की बराच, ते मी सांगू शकत नाही. तीन महिन्यांनी ताकद परत येईल. तेव्हा दुखणंही परत येईल बहुधा. दोन्ही गोष्टी एकाच सुईनं होतात, त्याला माझा इलाज नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी देणार नाही. काकूंनी कितीही सांगितलं तरी.”

काकांनी पट्टी बांधलेला हात उलटसुलट करून बघितला. मग नळी उचलून खिशात ठेवली.

“द्या,” ते म्हणाले.

चार ठिपके. काकूंनी ते मोजले नाहीत.

त्यानंतर आठ दिवस काका काकूंशी बोलले नाहीत. एरवीही फार बोलत नसत. पण न बोलण्यात आणि अबोल्यात जो फरक असतो तो संसार केलेल्या माणसाला सांगावा लागत नाही. काकू ताट वाढत, काका ताट ओढून घेत. नवव्या दिवशी सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर सांडलं. काका आरशासमोर उभे राहिले. मग त्यांनी सावकाश, गरम तव्याला बोट लावावं तसं, बोट त्या जागेवर टेकवलं. उचललं. पुन्हा टेकवलं. दाबलं.

“नाहीये,” ते म्हणाले.

“काय?” काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या.

“ठिणगी. नाहीये.”

काकू तिथंच मोरीच्या कठड्यावर बसल्या आणि पदर तोंडाला लावला.

पुढचे चार दिवस काका बोलत होते. धरण फुटावं तसे. वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत, घासूची नक्कल करत, काकूंनी चार वर्षांत केलेल्या सगळ्या चुका तारीखवार सांगत. शब्द तोंडातून सरळ येत नव्हते, एका बाजूला कलंडत येत, आणि बोलताना हातातला रुमाल सारखा ओठाकडे जाई. पण बोलत होते. त्यांनी बिस्किट खाल्लं, कडकडीत, आवाज करून. काकूंना वाटलं, ग्रहण सुटलं.

पाचव्या दिवशी ते तळघरात गेले आणि दुपारच्या आतच परत आले. बूट काढले, खुर्चीत बसले.

“हवा धरतच नाही,” ते म्हणाले. “नळीच्या बाजूनं फुस्स. सगळी बाहेर. डाव्या कोपऱ्यात धरून बघितली. तरी उजवीकडून जाते. पट्टी चिकटवून बघितली. घासूनं रबरी पंप आणला, डॉक्टर रक्तदाब बघतात तसला. तो धक्के देतो. काच धक्के सोसत नाही.”

“तीन महिन्यांनी…”

“तीन महिन्यांनी तिथं खुर्च्या असतील.” काकांनी रुमालानं ओठ टिपला. “त्या दिवशी मी तुझा हात धरला होता ना? तर दुसऱ्यांदा तो सोडवून घेतलास. तू माझं दुखणं नाही काढलंस. तोंड काढून घेतलंस माझं.”

काकूंना यावर बोलता आलं असतं. हिवाळ्यातल्या त्या खिडकीची गोष्ट काढता आली असती, ज्योतीतल्या हाताची काढता आली असती. त्यांनी काहीच काढलं नाही. धुलाईच्या दुकानात त्या एक गोष्ट शिकल्या होत्या: डाग आपल्या हातून पडला की दुसऱ्याच्या हातून, याची चर्चा गिऱ्हाईक करतं, आपण तो घासायला घ्यायचा.

“माझं तोंड शाबूत आहे,” त्या म्हणाल्या.

“ते सगळ्या गल्लीला माहीत आहे.”

“थट्टा नको. श्वास हवा ना नुसता? तुमचे हात, तुमचे डोळे. फुंकायचं मी. तुम्ही सांगाल तेव्हा, सांगाल तितकं.”

काका हसले. तोंड फक्त डावीकडे वर गेलं, उजवीकडे काहीच झालं नाही. “अगं, सांगायला वेळ कुठं असतो? काच थांबते का?”

“मग सांगू नका. पायानं खूण करा.”

सुट्टी होती, इमारत रिकामी होती. घासूनं तळघराचं दार उघडलं आणि म्हणाला, “या वहिनी. आमच्यात बायका येत नाहीत म्हणून आम्ही इतकी वर्षं झाडलं नाही. पायाखाली बघा.” काकूंनी पहिल्यांदाच ती जागा बघितली. दोन ज्योती, एक लेथ, एक भट्टी, भिंतीला लागून नळ्यांच्या चवडी, आणि कोपऱ्यात बाहेरून आधीच येऊन पडलेल्या खुर्च्या, एकावर एक, सहा आणि सहा. त्यांनी नजर वळवली.

काकांनी त्यांना रंगीत काचेचा चष्मा दिला, स्टुलावर बसवलं आणि त्यांच्या उजव्या पावलावर आपलं डावं पाऊल ठेवलं. “दाबलं की फुंकायचं. हलकं दाबलं तर हलकं. उचललं की थांबायचं. ओढायचा नाही श्वास, गरम हवा आत येईल.”

“लग्नात पण असंच पायावर पाय ठेवून…”

“बोलू नकोस. नळी धर.”

नळीला रबराची आणि जळक्या तेलाची चव होती. काच लाल झाली, मग पिवळी, आणि फिरता फिरता जड झाल्यासारखी डुलायला लागली. पाय दाबला गेला. काकूंनी फुंकलं. पहिला फुगा पापुद्र्यासारखा फुगून फट्‌कन फुटला, आणि काचेचे धागे हवेत तरंगले. घासू म्हणाला, “भांडणात फुंकता तसं नाही वहिनी, चहावर फुंकता तसं.”

दुसरा लोंबला. तिसरा गोल झाला. चौथा गोल झाला, पण काकांनी तो उजेडात धरला आणि बाजूला ठेवला. काकूंचे कान गरम झाले होते, गाल दुखत होते. घामानं चष्मा घसरत होता. काकांच्या पायाची भाषा हळूहळू समजायला लागली. टाच आली की थोडं, चवडा आला की जास्त, आणि मधेच एक असा दाब येई की त्याला नावच नव्हतं, फक्त काकूंच्या छातीला तो कळे. त्या ज्योतीकडे बघेनाशा झाल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले.

दहा दिवस त्या दुकानातून सुटल्यावर तिथं येत होत्या. काका घरी पुन्हा फारसं बोलेनासे झाले होते, पण लेथवर त्यांचा पाय बोलत होता. सराव म्हणून केलेला प्रत्येक फुगा भट्टीत सावकाश थंड करायचा, दुसऱ्या दिवशी जाड कापडात गुंडाळून फोडायचा आणि तुकड्यांची जाडी मापायची, हे काकांनी ठरवून टाकलं होतं. दिसायला चांगला आहे म्हणून कोणताच फुगा राखून ठेवायचा नाही. प्रमुख एकदा दारातून डोकावले आणि काकूंना नळी तोंडात धरून बसलेलं बघितलं. जाताना त्यांनी फक्त घासूला विचारलं की सोमवारपर्यंत काही कळेल का.

सोमवारी सकाळी काकांनी शेवटचा फुगा भट्टीतून काढला. हा मापात बसला तरच चार फुग्यांचं काम होईल असं प्रमुखांना कळवता येणार होतं. तो हातात घेऊन बराच वेळ फिरवला. काकूंना वाटलं, हा तरी फोडणार नाहीत. त्यांनी तो कापडात ठेवला, कापडाची चारी टोकं घासूनं धरली, आणि काकांनी छोट्या हातोडीनं एकच टोला दिला.

तुकडे टेबलावर पसरले. काकूंनी ते मोजले, बेचाळीस होते. काकांनी मापाच्या जबड्यात एकेक तुकडा धरला आणि आकडे वाचून दाखवले. दोन पूर्णांक एक. एक पूर्णांक नऊ. दोन. एक पूर्णांक आठ. घासूनं खोकला दाबून ठेवला होता. काकूंचा पाय टेबलाखाली काकांच्या पायाला लागून होता, पण कोणी कोणाला दाबत नव्हतं.

सगळ्यात पातळ तुकडा एक पूर्णांक एक मिलिमीटर भरला. हवा होता निदान दीड.